कॅडहेरिन टोचलं की बेडकाच्या भ्रूणाला डोकं येत नाही: दोष चिकटण्यात की संदेशात?

तक्रार ठरलेली असते. झेनोपस लेविस या बेडकाच्या चार पेशींच्या भ्रूणात सी-कॅडहेरिनचा, म्हणजे पेशींना एकमेकींशी चिकटवणाऱ्या प्रथिनाचा, एमआरएनए (ज्यावरून पेशी ते प्रथिन बनवते) टोचला. हेतू साधा होता: पेशी एकमेकींना जास्त घट्ट धरू लागल्या तर गॅस्ट्रुलेशनचं (पेशी आत सरकून थर बनण्याच्या टप्प्याचं) काय होतं ते बघायचं. तिसऱ्या दिवशी बशीत कंट्रोलचे (तुलनेसाठी ठेवलेले) टॅडपोल शेपटी हलवताहेत, आणि टोचलेल्या गटात डोळे नाहीत, डोक्याजवळची चिकट सिमेंट ग्रंथी नाही, काही तर नुसते पोटाचे गोळे. वहीत लगेच लिहिलं जातं: 'चिकटण वाढली, पेशींची हालचाल अडली, म्हणून डोकं झालं नाही.' पुढच्या खेपेला मात्रा कमी केली की परिणाम जातो, वाढवली की परत येतो, आणि त्यामुळे निष्कर्षावरचा विश्वास आणखीच बसतो.

हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो. चिकटण वाढलेली असेलही, पण डोकं गेलं ते दुसऱ्याच कारणाने. ते कारण वेगळं काढून दाखवल्याशिवाय कॅडहेरिनच्या कुठल्याही प्रयोगातून चिकटण्याबद्दल काहीही म्हणता येत नाही. ते वेगळं कसं काढायचं, कुठल्या पायरीवर काय चुकतं आणि का, ते पुढे दिलं आहे.

मुळात गडबड कुठे होते

बीटा-कॅटेनिन या प्रथिनाकडे दोन खाती आहेत. पेशीच्या कडेला ते कॅडहेरिनच्या आतल्या टोकाला, म्हणजे ज्याला सगळे शेपूट म्हणतात त्या भागाला, जोडलेलं असतं आणि अल्फा-कॅटेनिनमार्फत अ‍ॅक्टिनशी (पेशीच्या आतल्या सांगाड्याशी) सांधा बांधतं. दुसरं खातं विंट संदेशाचं, म्हणजे पेशीने काय घडायचं ते ठरवणाऱ्या एका संदेशसाखळीचं. फलनानंतर पहिल्या पेशीचक्रातच अंड्याचा बाहेरचा पापुद्रा आतल्या गाभ्याच्या तुलनेत साधारण ३० अंशांनी सरकतो. शुक्राणू शिरला त्याच्या समोरच्या बाजूला बीटा-कॅटेनिनचा नाश थांबतो, तिथे ते साठतं, केंद्रकात जातं आणि जनुकं चालू करणाऱ्या टीसीएफ प्रथिनासोबत बसून सिएमोइस आणि एक्सएनआर-३ ही जनुकं चालू करण्याची तयारी करतं. मिडब्लास्टुला संक्रमण झालं, म्हणजे बारा विभाजनांनंतर सुमारे ४,००० पेशी झाल्या, की ती जनुकं खरोखर चालू होतात. त्यातूनच पुढे ऑर्गनायझर (आसपासच्या पेशींची घडण ठरवणारा पेशीगट) तयार होतो आणि ऑर्गनायझरमुळे डोकं.

मग कॅडहेरिनची शेपटं गरजेपेक्षा जास्त केली तर काय होईल? मोकळं बीटा-कॅटेनिन त्यांना चिकटून बसेल. केंद्रकात जायला उरणारच नाही. १९९४ मध्ये हीजमन आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच दाखवलं: कॅडहेरिन वाढवा किंवा बीटा-कॅटेनिन कमी करा, डॉर्सल (पाठीची) बाजू सारखीच नाहीशी होते. १९९६ मध्ये फागोटो, गंबिनर आणि सहकाऱ्यांनी पुढची पायरी पक्की केली, की हा परिणाम कॅडहेरिनच्या बीटा-कॅटेनिन धरणाऱ्या भागामुळे होतो; पेशी चिकटवण्याच्या ताकदीची त्याला गरज नाही.

यातला सर्वांत फसवा मुद्दा असा की चिकटण वाढवणारं आणि चिकटण मोडणारं, दोन्ही कन्स्ट्रक्ट (प्रयोगासाठी बदलून बनवलेली जनुकं) एकच चित्र दाखवू शकतात. पूर्ण लांबीचं कॅडहेरिन टोचा, डोकं जातं. बाहेरचा भाग कापून टाकलेलं, 'डॉमिनंट निगेटिव्ह' (मूळ प्रथिनाच्या कामात अडथळा आणणारं रूप) म्हणून वापरलं जाणारं कॅडहेरिन टोचा, तरी डोकं जातं, कारण शेपूट दोन्हींत शाबूत आहे. दोन विरुद्ध उपचारांनी एकच परिणाम आला की 'चिकटण नेमकी मोजूनमापूनच लागते' असं सुंदर वाक्य लिहायचा मोह होतो. ते लिहिण्याआधी पुढच्या चाचण्या करा.

आधी ठरवा: डोकं घडलंच नाही, की घडायची वेळ आली तेव्हा वाट अडली?

तीन दिवसांनी बघून हे कळत नाही. आखूड, वाकडं, पिवळा बलक बाहेर आलेलं भ्रूण दोन्ही कारणांनी होतं. उत्तर भ्रूणवाढीच्या क्रमांक दिलेल्या अवस्थांपैकी दहाव्या अवस्थेला मिळतं. २३ अंश सेल्सियसला फलनानंतर साधारण ९ तासांनी.

भ्रूण उलटं करून वनस्पती-ध्रुव (बलकाचं टोक) वर येईल असं अ‍ॅगारोजच्या खाचेत बसवा आणि तिरका प्रकाश टाका. निरोगी भ्रूणात पांढऱ्या बलकाच्या कडेला एका बाजूला एक बारीक, गडद तपकिरी कमान दिसते, भुवईसारखी. तिथल्या बॉटल पेशींनी आपलं बाहेरचं टोक आवळून घेतलेलं असतं, त्यामुळे रंगद्रव्य एका रेषेत गोळा होतं. हाच ब्लास्टोपोरचा (पेशी जिथून आत शिरतात त्या तोंडाचा) डॉर्सल ओठ. पुढच्या दीड-दोन तासांत ही भुवई दोन्ही बाजूंनी वाढत जाऊन वर्तुळ पूर्ण होतं.

आता टोचलेल्या गटाकडे बघा. ओठ कंट्रोलच्याच वेळी, एकाच बाजूला आला, पण पुढे ब्लास्टोपोर मिटलाच नाही आणि मोठा पांढरा गोळा उघडा राहिला, तर डॉर्सल बाजू ठरलेली आहे. अडचण हालचालीत आहे. असे भ्रूण पुढे पाठ उघडी राहिलेले होतात, पण त्यांना बहुधा डोकं असतं. याउलट कंट्रोलमध्ये भुवई आली तेव्हा टोचलेल्यांत काहीच नाही, आणि नंतर उशिराने सगळीकडून एकदम फिकट वर्तुळ आलं, तर डॉर्सल बाजू ठरलीच नाही. अतिनील किरण देऊन डॉर्सल बाजू घालवलेल्या भ्रूणातही ओठ असाच येतो.

हे एक निरीक्षण, पंधरा मिनिटांचं, बाकीच्या महिन्याभराच्या कामाची दिशा ठरवतं. तरी ते सर्वाधिक वेळा चुकवलं जातं, कारण सकाळी टोचलेल्या भ्रूणांचा ओठ संध्याकाळी येतो. ते जमणार नसेल तर टोचून झाल्यावर भ्रूण १५-१६ अंशांवर ठेवा, म्हणजे गॅस्ट्रुलेशन दुसऱ्या दिवसावर ढकलता येतं. त्या तापमानाला किती तास लागतात ते आपल्या इनक्युबेटरवर कंट्रोलवरून एकदा मोजून ठेवा.

नोंद करताना 'विकृत' असा एकच रकाना ठेवू नका. काओ आणि एलिन्सन यांची १९८८ ची डॉर्सो-अँटिरियर सूची वापरा: ५ म्हणजे सामान्य, ० म्हणजे अक्ष मुळीच नाही, १० म्हणजे सगळीकडून डॉर्सल. शेजारी 'ब्लास्टोपोर उघडा' असा वेगळा रकाना. हे दोन आकडे एकत्र केले की माहिती हरवते. शक्य असेल तर १०.२५ ते १०.५ अवस्थेच्या दहा-पंधरा भ्रूणांवर कॉर्डिनची (ऑर्गनायझरमध्ये चालू असणाऱ्या जनुकाची) इन सिटू करा, म्हणजे ते जनुक कुठे चालू आहे ते डागाने दाखवणारी चाचणी. डाग आहे आणि ब्लास्टोपोर मिटलेला नाही: हालचाल. डागच नाही: संदेश.

इंजेक्शनच्या पायरीवरच होणाऱ्या चुका

जेली २ टक्के सिस्टीनने काढताना पीएच ७.८ ते ८ हवा. सिस्टीन पाण्यात टाकल्यावर आम्लधर्मी असतं. सोडियम हायड्रॉक्साइड घालून पीएच आणला नाही तर जेली निघत नाही, आणि मग माणूस वेळ वाढवत बसतो. चार-पाच मिनिटांत अंडी एकमेकांना टेकून नीट बसू लागली की थांबा आणि पाच-सहा वेळा धुवा.

थेंब मोजून घ्या. खनिज तेलात सोडलेला थेंब २६७ मायक्रोमीटर व्यासाचा असेल तर तो १० नॅनोलिटरचा, २१२ मायक्रोमीटर असेल तर ५ नॅनोलिटरचा. व्यासात थोडा फरक पडला तरी आकारमान घनाच्या पटीत बदलतं, म्हणून सुई बदलली की पुन्हा मोजायचं. 'तीच सुई, तोच दाब' असं गृहीत धरल्याने मात्रा सहज दुप्पट होते, आणि कॅडहेरिनच्या बाबतीत दुप्पट मात्रा म्हणजे पूर्ण वेगळं चित्र.

मात्रा एक ठेवून प्रयोग करू नका. पूर्ण लांबीच्या सी-कॅडहेरिनसाठी ०.२५, ०.५, १ आणि २ नॅनोग्रॅम अशी मालिका लावा, आणि प्रत्येक मात्रेला तेवढ्याच वजनाचा जीएफपी (चमकणारं खूण-प्रथिन) किंवा बीटा-गॅलॅक्टोसिडेज एमआरएनए समांतर टोचा. नुसतं पाणी टोचलेला कंट्रोल इथे चालत नाही. २ नॅनोग्रॅम परका एमआरएनए स्वतःच भ्रूणाला जड जातो.

कुठे टोचलं हे किती टोचलं याइतकंच महत्त्वाचं. चार पेशींच्या अवस्थेत फिकट, थोड्या लहान दोन पेशी डॉर्सल आणि गडद, मोठ्या दोन व्हेंट्रल (पोटाकडच्या). ज्या मादीच्या अंड्यांत हा फरक नीट दिसत नाही, ती अंडी या प्रयोगाला घेऊच नका. अंदाजाने टोचलेल्या भ्रूणांत अर्धे उलटे निघतात आणि सरासरी काढली की परिणाम 'अंशतः' दिसतो. सोबत फ्लोरेसिन डेक्स्ट्रान किंवा जीएफपी घाला आणि नवव्या अवस्थेला ज्यांचा रंग चुकीच्या बाजूला आहे ते भ्रूण बाजूला काढा. निकाल बघण्याआधी काढा, नंतर नव्हे.

टोचताना ०.३ ते ०.५ पट एमएमआरमध्ये (भ्रूण ठेवायच्या मिठाच्या द्रावणात) ३ ते ४ टक्के फायकॉल ठेवतात, पण गॅस्ट्रुलेशन सुरू व्हायच्या आत भ्रूण ०.१ पट एमएमआरमध्ये आणा. दाट मिठाच्या द्रावणात राहिलेली भ्रूणं गॅस्ट्रुलेशनच्या वेळी बाहेरच्या बाजूला वळतात, बलक आत जात नाही, आणि तो दोष कॅडहेरिनच्या नावावर चढतो. तसंच तापमान. २४ अंशांच्या वर भ्रूणं बिघडू लागतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये एसी रात्री बंद होत असेल तर इनक्युबेटरशिवाय हा प्रयोग लावू नये.

खरी चाचणी: कुठलं कन्स्ट्रक्ट काय सांगतं

इथे घाई करू नका. सगळं उत्तर या पायरीवर आहे.

पहिलं, पूर्ण लांबीचं कॅडहेरिन. चिकटवतंही आणि बीटा-कॅटेनिनही धरतं. एकट्याने काहीच सिद्ध करत नाही.

दुसरं, फक्त शेपूट, बाहेरचा भाग नसलेलं. शेजारच्या पेशीला धरू शकत नाही, पण बीटा-कॅटेनिन धरतं. याने डोकं गेलं तर 'चिकटण वाढल्यामुळे' हे स्पष्टीकरण बाद. हा कंट्रोल सर्वांत स्वस्त आहे, म्हणून आधी करा.

तिसरं, तेच शेपूट, पण बीटा-कॅटेनिन धरणारा भाग कापलेलं. याने डोकं परत आलं पाहिजे. आलं नाही तर एमआरएनए खराब आहे, किंवा शेपटाचा दुसरा भाग काहीतरी करतोय. पेशीपटलाच्या लगतचा भाग पी-१२० कॅटेनिनला धरतो आणि पी-१२० चा संबंध पेशीचा सांगाडा हलवणाऱ्या आरएचओ आणि आरएसी या प्रथिनांशी आहे; तो भाग दोन्ही कन्स्ट्रक्टमध्ये असतो हे लक्षात ठेवा.

चौथं, बाहेरचा भाग आणि पटलातला भाग आहे, शेपूट नाही. ली आणि गंबिनर यांनी १९९५ मध्ये सी-कॅडहेरिनचं असंच रूप वापरलं होतं. ते बीटा-कॅटेनिन धरत नाही, तरी नैसर्गिक कॅडहेरिनच्या कामात अडथळा आणतं आणि गॅस्ट्रुलेशनची हालचाल बिघडवतं. चिकटण मोडायची असेल आणि विंट संदेशाला हात लावायचा नसेल, तर शेपूट असलेल्या 'डॉमिनंट निगेटिव्ह'ऐवजी हे घ्या. याने ओठ वेळेवर येऊन पुढे मिटायला अडचण व्हावी. ओठच आला नाही तर मात्रा जास्त आहे.

पाचवं, कॅडहेरिनचा बीटा-कॅटेनिन धरणारा भाग काढून त्या जागी थेट अल्फा-कॅटेनिन जोडलेलं मिश्र प्रथिन. उंदराच्या एल-पेशींमध्ये असं मिश्र प्रथिन बीटा-कॅटेनिनच्या मदतीशिवाय पेशी चिकटवतं हे माहीत आहे. 'चिकटण वाढली, पण बीटा-कॅटेनिन अडकलं नाही' ही स्थिती आणायचा यापेक्षा सरळ मार्ग नाही. कन्स्ट्रक्ट बनवायला आठवडा-दोन आठवडे जातात, आणि ते घालवावेत. लेखाचा मुख्य दावा चिकटण्याबद्दल असेल तर या एका कंट्रोलशिवाय तो उभा राहत नाही असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रत्येक कन्स्ट्रक्टला एपिटोप टॅग (ओळखीची खूण) लावा आणि नवव्या अवस्थेला वेस्टर्न (प्रथिन पट्ट्याच्या रूपात दाखवणारी चाचणी) करून प्रमाण सारखं आहे ना ते बघा. 'शेपूट नसलेल्याने काही झालं नाही' याचा अर्थ पुष्कळदा इतकाच असतो की ते प्रथिन तयारच झालं नव्हतं.

साखळी कुठे तुटली ते शोधणं

व्हेंट्रल बाजूला दुसरा अक्ष (डोकं-पाठीची दुसरी रचना) उभा करायचा आणि कॅडहेरिन तो कुठल्या पायरीवर अडवतं ते बघायचं. चार पेशींच्या अवस्थेत दोन्ही व्हेंट्रल पेशींच्या कडपट्ट्यात (दोन ध्रुवांच्या मधल्या पट्ट्यात) टोचा:

१. एक्सविंट-८ (झेनोपसचं एक विंट प्रथिन) चा एमआरएनए, एकूण १० पिकोग्रॅम. एवढ्याने बहुतेक भ्रूणांत दुसरा अक्ष यायला हवा. आला नाही तर पुढे जाऊ नका, आधी एमआरएनए बदला.

२. एक्सविंट-८ आणि कॅडहेरिन एकत्र. दुसरा अक्ष जायला हवा.

३. बीटा-कॅटेनिन, १०० ते ३०० पिकोग्रॅम, एकटं आणि कॅडहेरिनसोबत. कॅडहेरिन पुरेसं असेल तर इथेही अक्ष जातो. मग कॅडहेरिन तेवढंच ठेवून बीटा-कॅटेनिन दुप्पट, चौपट करा. अक्ष परत आला तर ही सरळ ओढाताण आहे.

४. सिएमोइस, २५ ते ५० पिकोग्रॅम, एकटं आणि कॅडहेरिनसोबत. सिएमोइस बीटा-कॅटेनिनच्या पुढची पायरी आहे, म्हणून कॅडहेरिन असलं तरी अक्ष यायला हवा. इथेही अक्ष गेला तर अडचण संदेशात नाही. भ्रूण आजारी आहे किंवा कॅडहेरिनने हालचाल खरोखरच अडवली आहे.

चौथी ओळ गाळली जाते आणि नेमकी तीच निर्णायक आहे. सर्व ओळींत एमआरएनएचं एकूण वजन जीएफपीने भरून सारखं करा. दोन एमआरएनए एकत्र टोचले की एकमेकांचं भाषांतर कमी करतात, आणि तसं झालं तर 'कॅडहेरिनने विंट अडवलं' असं खोटंच दिसतं.

जनुकांची खात्री नवव्या अवस्थेच्या अखेरीपासून दहाव्यापर्यंत करा. सिएमोइस आणि एक्सएनआर-३ बघा. गूसकॉइड या ऑर्गनायझरच्या जनुकावर एकट्यावर विसंबू नका, कारण ते मेसोडर्म (भ्रूणाचा मधला थर) घडवणाऱ्या नोडल आणि अ‍ॅक्टिव्हिननेही चालू होतं. उशीर केला, अकराव्या-बाराव्या अवस्थेचा नमुना घेतला, तर कंट्रोलमध्येही सिएमोइस घसरलेलं असतं आणि फरक दिसत नाही. ल्युसिफरेज रिपोर्टर (संदेश चालू असला की प्रकाश देणारं जनुक) वापरत असाल तर प्लाझमिड १०० पिकोग्रॅमच्या आसपास ठेवा. मिडब्लास्टुला संक्रमणाआधी रिपोर्टर बोलणारच नाही, त्यामुळे सातव्या अवस्थेचं शून्य हे शून्य नव्हे.

बीटा-कॅटेनिन वाढलेलं दिसतं, मग संदेश कमी कसा?

हा प्रश्न वेस्टर्न केल्यावर येतोच. कॅडहेरिन टोचलेल्या भ्रूणात एकूण बीटा-कॅटेनिनचा पट्टा कंट्रोलपेक्षा जाड येतो. यात विसंगती काही नाही. कॅडहेरिनला जोडलेलं बीटा-कॅटेनिन नाशापासून वाचतं, म्हणून साठतं. पण ते कामाला मोकळं नाही. मोजायचं आहे ते मोकळं बीटा-कॅटेनिन.

कॅडहेरिनवर साखरेच्या साखळ्या आहेत आणि कॉनकॅनाव्हॅलिन-ए त्यांना धरतं, हा त्यावरचा जुना आणि उत्तम उपाय. नवव्या-दहाव्या अवस्थेची २० भ्रूणं २०० मायक्रोलिटर थंड बफरमध्ये विरघळवा: १५० मिलिमोलर मीठ, १० मिलिमोलर ट्रिस, पीएच ७.५, १ टक्का एनपी-४०, १ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड, १ मिलिमोलर मँगनीज क्लोराइड. दहा मिनिटं पूर्ण वेगाने फिरवा. वर चरबीचा पांढरट थर, तळाला बलक आणि रंगद्रव्य. मधलं स्वच्छ पाणी तेवढं काढा. त्यात ५० मायक्रोलिटर कॉनकॅनाव्हॅलिन-ए सेफारोज घालून थंडीत एक तास फिरवा, मणी खाली बसवून वरचं पाणी नव्या मण्यांवर पुन्हा एक तास ठेवा. मण्यांवर कॅडहेरिन आणि त्याच्याशी जोडलेलं बीटा-कॅटेनिन राहतं, पाण्यात मोकळं.

हमखास होणारी चूक: नेहमीच्या सवयीने ईडीटीए असलेला बफर किंवा ईडीटीए असलेली प्रोटिएज-रोधक गोळी. कॉनकॅनाव्हॅलिन-एला कॅल्शियम आणि मँगनीज लागतं. ईडीटीए ते ओढून घेतं, मणी काहीच धरत नाहीत आणि सगळंच 'मोकळं' दिसतं. म्हणून पाण्याच्या भागाचा वेस्टर्न आधी कॅडहेरिनसाठी करा. १२० किलोडाल्टनला पट्टा दिसला तर मणी कामाचे नाहीत. बीटा-कॅटेनिनचा ९२ चा पट्टा वाचायची गरजच नाही. आणि संपूर्ण भ्रूण घेतलं तर डॉर्सल बाजूचा फरक बाकीच्या पेशींत बुडतो, म्हणून डॉर्सल आणि व्हेंट्रल अर्ध वेगळं कापून घ्या.

उलट तक्रार: मॉर्फोलिनो टोचला, काहीच झालं नाही

सी-कॅडहेरिनचं प्रथिन अंड्यात आईकडूनच आलेलं असतं. मॉर्फोलिनो (एमआरएनएला चिकटणारा कृत्रिम रेणू) नवं भाषांतर, म्हणजे नवं प्रथिन बनणं, थांबवतो, साठा काढत नाही. त्यामुळे ब्लास्टुलापर्यंत फरक नसणं अपेक्षितच आहे. परिणाम दिसलाच तर गॅस्ट्रुलेशनला आणि पुढे. बीटा-कॅटेनिनचा मॉर्फोलिनो मात्र दोन-चार पेशींच्या अवस्थेत टोचूनही डॉर्सल बाजू घालवतो. दोघांची तुलना करून 'कॅडहेरिन सुरुवातीला लागत नाही' असं म्हणणं चूक आहे. आईकडचा साठा काढायचा तर अंडपेशीत अँटिसेन्स ऑलिगो (एमआरएनए नष्ट करणारा डीएनएचा छोटा तुकडा) टोचून, प्रोजेस्टेरॉनने पक्व करून, दुसऱ्या मादीत घालून अंडी मिळवण्याचा लांबचा रस्ता आहे.

शिवाय झेनोपस लेविसकडे बहुतेक जनुकांच्या एल आणि एस अशा दोन प्रती आहेत. सी-कॅडहेरिन डेटाबेसमध्ये सीडीएच-३ नावाने सापडेल. मॉर्फोलिनोचा क्रम दोन्ही प्रतींशी अक्षर न अक्षर जुळवून बघा.

अ‍ॅनिमल कॅपच्या तक्रारी

कॅप (भ्रूणाच्या वरच्या, गडद टोकाचा तुकडा) कापली आणि तासाभरात विखुरली: ९९ टक्के वेळा कॅल्शियम. मॉडिफाइड बार्थ सलाईनचा दहापट साठा कॅल्शियमशिवाय ठेवतात आणि वापरताना १ लिटरला ०.१ मोलर कॅल्शियम क्लोराइड ७ मिलिलिटर घालतात, म्हणजे ०.७ मिलिमोलर. हे ७ मिलिलिटर विसरले जातात. कॅडहेरिन कॅल्शियमशिवाय धरतच नाही. कन्स्ट्रक्टला दोष देण्याआधी न टोचलेली कॅप त्याच बशीत ठेवून बघा.

अ‍ॅक्टिव्हिन दिलं, पण कॅप लांबली नाही: इथेही तोच प्रश्न, संदेश की चिकटण. १०.५ अवस्थेला ब्रॅकियुरी (मेसोडर्मचं खूण-जनुक) तपासा. नसेल तर मेसोडर्म घडलाच नाही. असेल आणि सोबतीची भ्रूणं १७-१८ अवस्थेत पोचली तरी कॅप गोलच असेल, तर अडचण चिकटण्यात. ब्रीहर आणि गंबिनर यांनी १९९४ मध्ये दाखवलं की अ‍ॅक्टिव्हिन सी-कॅडहेरिनचं प्रमाण न बदलता त्याची पकड सैल करतं, आणि ती सैल झाल्याशिवाय पेशी एकमेकींच्या मधून सरकत नाहीत. म्हणून वेस्टर्नवर कॅडहेरिन 'सारखंच' दिसलं म्हणजे पकडही सारखीच असं समजू नका. पकड मोजायला वेगळी चाचणी लागते, उदाहरणार्थ कॅडहेरिनचा बाहेरचा भाग लावलेल्या पृष्ठभागावर पेशी किती टिकतात. पीएपीसी हे प्रोटोकॅडहेरिनही सी-कॅडहेरिनची पकड कमी करूनच पेशी वेगळ्या करतं, आणि इंटिग्रिन या पेशीपटलावरच्या प्रथिनाने पेशींबाहेरच्या जाळ्यातलं फायब्रोनेक्टिन धरलं की त्याचाही परिणाम कॅडहेरिनवर होतो. तेव्हा कॅप फायब्रोनेक्टिनवर ठेवली की अ‍ॅगारोजवर, हे पद्धतीत लिहाच.

सुट्या केलेल्या कॅपपेशी न टोचताच मज्जापेशींकडे (चेतापेशींकडे) वळल्या: यात कन्स्ट्रक्टचा काही हात नाही. कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या द्रावणात पेशी काही तास सुट्या राहिल्या की त्या एकमेकींना पाठवत असलेला, त्वचा घडवणारा बीएमपी संदेश माध्यमात पातळ होतो, शिवाय एमएपी-कायनेज हे संदेशवाहक विकर चालू होतं. दोन्ही मिळून त्वचेऐवजी मज्जा. हे १९८९ पासून माहीत आहे. कॅडहेरिन अडवून पेशी सैल झाल्या आणि सॉक्स-२ (मज्जापेशींचं खूण-जनुक) चालू झालं, तर ते कॅडहेरिनच्या शेपटामुळे, की नुसत्या सुटेपणामुळे? सुट्या कंट्रोल पेशी त्याच घनतेने, तितकाच वेळ ठेवून तुलना करा, आणि एका गटात बीएमपी-४ घालून त्वचेची केराटिन परत येते का बघा. द्रावणाचा साचा: ८८ मिलिमोलर मीठ, १ मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड, २.४ मिलिमोलर सोडियम बायकार्बोनेट, ७.५ मिलिमोलर ट्रिस, पीएच ७.६. बाहेरचा रंगीत थर यात सुटत नाही. तो भुवईच्या केसाने सोलून टाका, नाहीतर अर्धा नमुना सुटा आणि अर्धा अखंड अशी खिचडी होते. एमएपी-कायनेज बघत असाल तर नुसत्या कापण्यानेही ते थोडा वेळ पेटतं. कापल्यावर लगेच नमुना घेऊ नका आणि सगळ्या गटांना कापल्यापासूनचा वेळ सारखा द्या.

एमआरएनएऐवजी डीएनए टोचला तर चित्र उलटतं

सीएमव्ही प्रवर्तक (जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा) असलेलं प्लाझमिड, म्हणजे डीएनएचं छोटं वर्तुळ, मिडब्लास्टुला संक्रमणानंतरच प्रथिन बनवतं. तोवर डॉर्सल बाजू ठरून गेलेली असते. त्यानंतर बीटा-कॅटेनिनचं काम बदलतं: क्रिश्चन आणि मून यांनी १९९३ मध्ये दाखवलं की एक्सविंट-८ संक्रमणानंतर डॉर्सल बाजूला चालू केलं तर डोकं वाढत नाही, उलट कमी होतं. म्हणून कॅडहेरिनने बीटा-कॅटेनिन अडवण्याचा परिणामही वेळेनुसार वेगळा यायला हवा. एमआरएनएने डोकं जातं आणि त्याच कन्स्ट्रक्टच्या प्लाझमिडने जात नाही, तर डोकं जाण्याचं कारण संक्रमणाआधीच्या संदेशात आहे. आणि प्लाझमिडनेही ब्लास्टोपोर उघडा राहत असेल तर तो भाग हालचालीचा. एकाच बॅचच्या अंड्यांत दोन्ही टोचून हे दोन दोष एकाच दिवशी वेगळे करता येतात. प्लाझमिडचं प्रथिन ठिपक्याठिपक्यांनी, काही पेशींतच दिसतं, म्हणून मोजणी करताना जीएफपी पाठीच्या पट्ट्यात पसरलेलं आहे तीच भ्रूणं धरा.